तीनशे मायक्रॉन

पाषाणच्या वाण्याला वाटतं
माझ्या घरात पाच-सहा पुरुष असावेत.
दर पंधरवड्याला दाढीच्या ब्लेडची पाच पाकिटं.
मी सांगत नाही, की ब्लेड आधी मधोमध मोडायचं,
ॲसिटोनने त्याचं तेल पुसायचं,
आणि मग उंदराच्या मेंदूतून ते इतकं हळू न्यायचं
की बघत बसणाऱ्याला झोप यावी.
तीनशे मायक्रॉन.
चार केस एकाला एक लावून ठेवले तर जेवढे.

तांबोळीभाई सकाळी सातला पिंजरा आणून देतात.
वीस वर्षांत एकाही उंदराला नाव दिलेलं नाही त्यांनी,
फक्त नंबर.
पण पिंजऱ्यावरचं फडकं उचलताना
ओठांतल्या ओठांत काही म्हणतात.
एकदा विचारलं, तर म्हणाले, काही नाही, हिशेब.

नंतरचं सगळं मिनिटभरात व्हावं लागतं.
बर्फ, कात्री, चमचा.
हातात येतो तेव्हा तो एवढासाच असतो,
भिजवून सोललेल्या बदामाएवढा,
आणि तसाच ओला पांढरा.

मग काप जाळीवर बसतात, खारट पाण्यात,
खालून प्राणवायूचे बुडबुडे.
उंदीर मेलेला आहे, वहीत त्याचा नंबर खोडलेला आहे,
आणि सहा तास, हात चांगला लागला असेल तर आठ,
त्याच्या पेशी एकमेकींशी बोलत राहतात.
पडद्यावर त्यांचं बोलणं हिरव्या रेघेत दिसतं.
दिसतं. कळतं असं नाही.

दुपारी मी त्यांच्या पाण्यात मँगनीज सोडते.
बाटलीत ते फिकट गुलाबी, तान्ह्या बाळाच्या नखासारखं.
रेघ आधी दचकते.
मग तिची उंची उतरत जाते,
आणि मी दर पाच मिनिटांनी आकडा टिपते.

निवृत्तीमामाने अठ्ठावीस वर्षं भोसरीत वेल्डिंग केलं.
अर्धं शटर ओढलेल्या गाळ्यात, पंखा बंद ठेवून;
वारा लागला की टाका बिघडतो, म्हणायचा.
धूर जिभेला गोडसर लागायचा म्हणे.
आता तो चवड्यांवर चालतो,
कोपरं दुमडून, छाती पुढे काढून.
गल्लीतली पोरं मागून आरवतात.
डॉक्टरांच्या पुस्तकातही त्या चालीला
कोंबड्याचंच नाव आहे.
पोरांनी पुस्तक वाचलेलं नाही.

काम सुटून चार वर्षं झाली,
तरी मामाची सुट्टी गुरुवारचीच.
तसाच एका गुरुवारी आला, दोन बस बदलून,
आणि नेमकी लाइट गेलेली.
पडदा काळा. रेघ नाही, काही नाही.
सिलिंडरला मात्र वीज लागत नाही,
बुडबुडे चालूच.

मामाने वाकून पाहिलं.
"हे माझ्यातलं?"
उंदराचं, मी म्हटलं.
"पण जागा तीच?"
जागा तीच.
"दुखत असेल का त्याला?"
दुखायला अख्खा मेंदू लागतो, मामा.
(हे खरं आहे. बहुतेक.)
"मग मला तरी कुठे दुखतं," तो म्हणाला,
"नुसतं हलतं."

त्याने भांडं उचलायला हात पुढे केला.
मी नको म्हणायच्या आत स्वतःच मागे घेतला
आणि खिशात घातला,
दुसऱ्याच्या पोराला दटावून बसवावं तसा.

"निघेल का यातून काही?"
मी म्हटलं, बारा काप पडतात, चांगले तीनच निघतात,
असे पन्नास उंदीर झाले की मग एखादा आलेख.
त्याने मान हलवली,
एस्टिमेट ऐकल्यासारखी.
महाग वाटलं असणार.

गेटवर बाहेर जाण्याची सही.
निवृत्ती लक्ष्मण कुदळे.
पत्र्यावर खडूने वीतभर आकडे काढणारा हा माणूस.
पहिला नि तांदळाएवढा,
लक्ष्मणपर्यंत मोहरी,
कुदळेमधला ळे मला सापडलाच नाही.
"बाबा, पूर्ण सही करा," वॉचमन म्हणाला.
"पूर्णच आहे," मामा म्हणाला.

वर त्या कापांचे अजून दोन तास उरले होते.
मी जिन्यात असतानाच लाइट आली.